नानांचा वाडा मोकळा व्हायलाच हवा, पण ट्रॉली लावून नव्हे

सांगलीच्या गावभागातल्या माझ्या शेजाऱ्यांना, मंडळाच्या मुलांना आणि आपल्या प्रभागाच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

नानांच्या वाड्यातलं सगळं सामान महापालिकेने उचलून न्यावं, असा अर्ज आपल्या बोळात सह्यांसाठी फिरतो आहे. माझ्याकडेही आला होता. मी तो वाचून सही न करता परत दिला. तेव्हापासून 'ताई नानांच्या बाजूच्या आहेत' असं बोललं जातंय. एकेकाला दारात गाठून खुलासा करण्यापेक्षा सगळ्यांना मिळून लिहिलेलं बरं.

हे पत्र देण्याआधी मी ते नानांना वाचून दाखवलं आहे. त्यातलं सगळं त्यांना पटलेलं नाही, पण आडनाव लिहू नका एवढी एकच अट घालून त्यांनी होकार दिला.

आधी हे सांगते की अर्जातली तक्रार खरी आहे. माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात, हिवताप-डेंगीच्या कामात गेली. घरोघरी जाऊन रांजण, टाक्या, कुंड्या तपासणं हेच माझं काम होतं. नानांच्या परवानगीने मी परवा टॉर्च घेऊन त्यांच्या वाड्यात शिरले. दिंडी दरवाजातून आत गेलं की जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. डावीकडे फ्रीजचे सांगाडे, त्यांच्यावर कूलरचे पत्रे, त्यांच्यावर गाद्यांची गाठोडी. उजवीकडे तुळईपर्यंत रद्दी. मागच्या परड्यात टायर आणि ऑइलचे रिकामे डबे. गळक्या नळाखाली एक जुनी टाकी आहे, तिच्यात टॉर्च मारला तर अळ्या वळवळत तळाला गेल्या. तुळशीजवळ बॅटऱ्या उघड्यावर पडल्यात, आणि मागच्या खोलीतल्या वायरिंगला उंदरांनी दात लावलेत.

आपल्या बोळात दोन वर्षांत डेंगीचे रुग्ण निघाले, त्या घरांतल्या आयांचा राग मला समजतो. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या कडेशी अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी महिनोन् महिने टिकतात आणि पावसाचं पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे नानांच्या परड्यातला डास चावणार तो आपल्यालाच. आज कोरडे दिसणारे ते टायर जूनमध्ये काय करतील हे मला नीट ठाऊक आहे. त्यामुळे 'त्यांचं घर, त्यांचं सामान, आपल्याला काय' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

माझा विरोध अर्जातल्या एकाच वाक्याला आहे: 'सदर जागा एका दिवसात संपूर्ण रिकामी करण्यात यावी.'

हे सामान तिथे आलं कसं, ते मंडळाच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. तेव्हा तुम्ही शाळेत होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ चा पूर पाहिलेले म्हातारे 'एवढं पाणी येत नाही' म्हणत माळ्यावर चढून बसले आणि त्यांना होडीतून काढावं लागलं. पाणी उतरल्यावर मारुती चौक, हरभट रोड, टिळक चौक, जिकडे पाहावं तिकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग. फुगलेली कपाटं, धान्याची कुजकी पोती, गाद्या, टीव्ही, मुलांची दप्तरं. बाहेरगावच्या महापालिकांची माणसंही मदतीला आली होती. जेसीबीने ढीग उचलायचे, ट्रॉल्या भरायच्या, ब्लिचिंग टाकायचं आणि पुढच्या गल्लीत जायचं. त्या वेळी तेच करायला हवं होतं. रोगराई आटोक्यात राहिली ती त्या झपाट्यामुळेच.

नानांच्या पत्नी त्या पुराच्या आधीच्या वर्षी गेल्या होत्या. मुलगी पुण्यात. ट्रॉल्या येण्याआधी नाना रोज पहाटे त्या ढिगाऱ्यांमधून फिरायचे आणि काही ना काही घरी आणायचे. हे धुतलं की चालेल, हे कुणीतरी परत मागायला येईल, याची मोटर तरी निघेल. नंतर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा ढीग लागले आणि पुन्हा नानांची फेरी सुरू झाली. पुढे पूर नसतानाही हात थांबला नाही.

आत शिरल्यावर मला आणखी काही दिसलं. नाना आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे, होते. छापखाना बंद झाला तेव्हा पगाराच्या थकबाकीपोटी त्यांनी खिळ्यांच्या केसी, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं ठेवायच्या खणांच्या पेट्या, घरी आणल्या. त्या पुरात बुडाल्या, गाळाने भरल्या. मधल्या खोलीत एका भिंतीला त्या केसी आजही उभ्या आहेत आणि त्यांत एकही खिळा चुकीच्या खणात नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरं वेगळी. प्रत्येक खिळा रॉकेलने धुऊन, पुसून आपल्या जागी ठेवलेला. त्याच खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पाण्याने चिकटलेले फोटो आणि अल्बम आहेत, आणि त्यांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या: 'कोपऱ्यावरचं किराणा दुकान', 'मारुतीच्या मागचं घर', 'माहीत नाही, हिरवं दार'. तुमच्यापैकी काहींचे आईवडील त्या ट्रंकेत आहेत.

ट्रॉली भरणाऱ्या माणसाला त्या खिळ्यांमधलं आणि शेजारच्या गंजक्या स्क्रूंच्या डब्यातलं अंतर कळणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याला जागा रिकामी करायला सांगितलेलं असतं. ट्रंक, टायर, बॅटरी, खिळे, सगळं एकाच ट्रॉलीत पडेल आणि समडोळी रोडच्या डेपोवर जाईल. म्हणजे शिसं आणि ॲसिडही तिथेच जाईल. खिळ्यांच्या धातूत शिसं असतं. बॅटऱ्यांसाठी आणि ई-कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं. घंटागाडीवर आपण रोज दोन बादल्या वेगळ्या देतो, मग इथे सगळं एकत्र कसं चालेल?

नोकरीत असताना एका दुसऱ्या गावात मी असं एका दिवसाचं काम पाहिलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. एकट्या राहणाऱ्या बाई, घरभर डबे, पिशव्या, चिंध्या. शेजाऱ्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. सकाळी माणसं आली, बाईंना बाहेर खुर्चीवर बसवलं आणि दुपारपर्यंत घर मोकळं केलं. माझं काम पाण्याची भांडी तपासण्याचं होतं. बाई प्रत्येक पोत्यामागे उठून ट्रॉलीपाशी जायच्या आणि त्यांना परत आणून बसवलं जायचं. त्यांचं पेन्शनचं पासबुक आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला त्या दिवशी गेला. पुढे दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी त्यांनी किती हेलपाटे घातले, ते मी पाहिलं आहे. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच घरी तपासणीला गेले तर दारापर्यंत पुन्हा पिशव्या. फरक एवढाच पडला होता, की आता त्या कुणालाच आत घेत नव्हत्या, आम्हालाही नाही. दाराच्या फटीतून बोलायच्या. आत अळ्या होत्या की नाही, हे मला त्यानंतर कधीच तपासता आलं नाही.

म्हणून मी म्हणते, असं घर एका दिवसात रिकामं केलं तर ते रिकामं राहत नाही, आणि वर आरोग्य खात्याला ते दार कायमचं बंद होतं.

मी मानसोपचाराची डॉक्टर नाही आणि नानांवर कुठलाही शिक्का मारायचा माझा हेतू नाही. पण वस्तू टाकून देणं अजिबात न जमणं, टाकायच्या विचारानेही जीव कासावीस होणं आणि घरात वावरायला जागा न उरणं, याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजार मानलं गेलंय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तो आहे. उतारवयात तो जास्त आढळतो. जवळचं माणूस गेल्यावर किंवा मोठं नुकसान झाल्यावर काहींचा हा त्रास बळावतो. त्यावर काम करणारे लोक सांगतात, की माणसाला बाजूला बसवून सामान उचललं तर ढीग पुन्हा वाढतो आणि माणूस मात्र खचतो. उपयोग होतो तो एकेक वस्तू त्याच्याच हातात देऊन निर्णय त्यालाच घ्यायला लावण्याचा. यात वेळ फार जातो. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्राची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलते. नानांच्या मुलीशी मी बोलले आहे, ती त्यांना दाखवायला तयार आहे. नाना अजून तयार नाहीत, आणि हात धरून नेण्याची ही गोष्ट नव्हे.

आता कायद्याचं. चौकात दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातंय.

एक म्हणतात, खासगी जागेत महापालिकेला पाय ठेवता येत नाही. येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे आरोग्याला धोका असलेली जागा साफ करायला मालकाला लेखी नोटीस देता येते. त्याने केलं नाही तर महापालिका स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. सार्वजनिक उपद्रव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तो हटवायचा आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं. त्याच कलमावर १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येणार नाही. तेव्हा नानांनीही 'माझं घर आहे' एवढ्यावर भिस्त ठेवू नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

दुसरे म्हणतात, एकदा सगळ्यांनी सह्या केल्या की उद्या ट्रॉली लावता येते. तसंही नाही. कलम १५२ चा पहिला आदेश सशर्त असतो: अमुक मुदतीत उपद्रव दूर करा, किंवा येऊन तुमचं म्हणणं मांडा. मांडायची ही संधी कुणाच्या मेहरबानीवर नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. दुसऱ्याला भंगार वाटलं म्हणून ती मालमत्ता नाही, असं होत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची बाजू ऐकण्याचं महत्त्व न्यायालयाने मान्य केलं आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांना हलवू नये असंही सांगितलं. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घरं पाडण्याबद्दल जे निर्देश दिले, त्यांत किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारवाईचं चित्रीकरण आहे. तो निकाल बांधकामांबद्दल आहे, सामानाबद्दल नाही, हे मला माहीत आहे. पण घराच्या भिंती पाडताना जी पद्धत लागते, तिच्यातलं थोडं तरी घराच्या आत शिरताना पाळावं, असं मला मनापासून वाटतं.

लोकप्रतिनिधींना माझी विनंती अशी. नानांना नोटीस द्या, जरूर द्या. पण तिच्यात काय काय हलवायचं ते नावानिशी लिहा: टायर, पाणी साठणारी भांडी, बॅटऱ्या, दारातली आणि जिन्यातली अडगळ. 'सर्व सामान' असं लिहू नका. आरोग्य निरीक्षकांनी आधी स्वतः आत जाऊन पाहावं. मी बरोबर येते. मुदतीत काम झालं नाही आणि महापालिकेला उचलावंच लागलं, तर नानांच्या आणि त्यांच्या मुलीच्या समोर पंचनामा व्हावा, यादीची प्रत त्यांना मिळावी, आणि कागदपत्रं, फोटो, भांडी-दागिने यांची पोती वेगळी बांधून काही दिवस सांभाळून ठेवली जावीत. मुकादमांना आणि कामगारांना हातमोजे, बूट द्या. परड्यात घोणस निघाली तर काय करायचं ते आधी ठरवा, कारण दोन्ही पुरांनंतर साप कुठे कुठे निघाले ते आपण पाहिलंय. आणि धूर फवारणी ढिगावर नको. धुराने उडते डास मरतात, टायरमधली अंडी नाही. टायर आधी हलवा, टाक्या घासून धुवा, मग काय फवारायचं ते फवारा.

शेजाऱ्यांनो, आपल्याकडून मला यापेक्षा जास्त अपेक्षा आहे.

गेल्या रविवारी मी नानांच्या परड्यात बसले. टायर दाखवून विचारलं, "हा कशाला ठेवायचा?" ते म्हणाले, "कुंडी होईल." मी म्हटलं, "होईल. किती कुंड्या लावणार?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन." बाकीचे टायर द्यायला ते तयार झाले. एवढ्या बोलण्याला चहाचे दोन कप आणि अख्खी सकाळ लागली, पण ते टायर आता जाणार आहेत आणि ते त्यांनी स्वतः दिले आहेत. गळक्या नळाखालची टाकी आम्ही त्याच दिवशी उपडी करून आतून काथ्याने घासली. बॅटऱ्यांनाही त्यांची हरकत नाही, फक्त नेणारा माणूस ओळखीचा हवा. खिळ्यांना हात लावायचा नाही हे त्यांनी निक्षून सांगितलं आणि मी ते मान्य केलं. त्या खिळ्यांनी कुणाला डेंगी होत नाही. लहान मुलांनी हाताळू नयेत म्हणून खोलीला कडी असावी, एवढंच बघू.

घाईचं काम घाईने करू, आणि बाकीचं नानांच्या चालीने. पाणी साठवणाऱ्या वस्तू आणि बॅटऱ्या जूनच्या पहिल्या पावसाआधी गेल्याच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. वायरमन बोलावून मागच्या खोलीची लाइन तात्पुरती तोडायची, आणि दारापासून मागच्या खोलीपर्यंत स्ट्रेचर जाईल एवढी वाट करायची. उद्या नाना आत पडले, किंवा जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलं, तर बाहेर काढणार कुठून? पुराचं पाणी आत आलं की ते फ्रीजचे सांगाडे तरंगून दारावर बसतील आणि दार उघडणार नाही. २०१९ ला कितीतरी घरांत कपाटांनी असंच केलं. फ्रीज आणि पत्रे दुसऱ्या टप्प्यात जातील. आपल्या ओळखीचा भंगारवाला काटा घेऊन वाड्यात येईल, लोखंड, पत्रा, बीड, तांबं वेगळं करून नानांच्या समोर वजन करेल आणि पैसे नानांच्याच हातात देईल. रद्दी दिवाळीपर्यंत चालली तरी हरकत नाही. ट्रंक सगळ्यांत शेवटी, आणि ती उघडताना चिठ्ठ्यांवर ज्यांची घरं आहेत त्यांनी समोर असावं.

हे काम दर महिन्याला लागणार आहे. आपण एक रविवार राबलो आणि पुढे फिरकलो नाही, तर त्यात आणि ट्रॉलीत फार फरक उरणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा दोन माणसांनी नानांकडे जायचं, चहा घ्यायचा, परडं बघायचं. मी कायम आहे, दुसरं माणूस दर महिन्याला बदललं तरी चालेल. वाड्याला चिकटून राहणाऱ्या वहिनींना एक विचारते. तुमच्या लेकाला डेंगी झाला तेव्हा तुम्ही काय सोसलंत ते मी पाहिलंय, त्यामुळे तुम्ही नानांशी बोलत नाही यात मला काही वावगं वाटत नाही. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. फक्त तुमच्या बाजूच्या भिंतीलगतचं सामान आधी काढायचं का, ते कळवा. सुरुवात तिथूनच करू.

अर्ज मागे घ्या असं मी म्हणत नाही. 'एका दिवसात संपूर्ण रिकामी' हे वाक्य काढा आणि त्या जागी वर लिहिलेल्या वस्तूंची यादी, मुदत, पंचनामा आणि नानांची सुनावणी घाला. त्या अर्जावर पहिली सही माझी असेल. मुदतीत यादीतल्या वस्तू हलल्या नाहीत, तर महापालिकेने त्या उचलाव्यात म्हणून पाठपुरावाही मीच करीन, आणि तेही मी नानांना सांगून ठेवलं आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता टायर काढायचे आहेत. मंडळाच्या मुलांपैकी चौघे आले तर पुरे, जास्त गर्दी झाली की नाना बावरतात. बूट घालून या, हातमोजे माझ्याकडे आहेत. टेम्पो बोळाच्या तोंडाशीच लावावा लागेल, पुढे वळत नाही. कुणी टेम्पो देणार असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा, म्हणजे भाड्याचा ठरवायला नको.

आपली,
समोरच्या घरातली ताई
गावभाग, सांगली